वरची बोटभर जागा

ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावरच्या बाटल्यांच्या कारखान्यात चौबळ पत्रव्यवहार सांभाळत. आणि सांभाळत म्हणजे असा, की डोंबिवलीच्या चाळीतले शेजारी त्यांच्यासमोर साधी चिठ्ठी लिहायलाही कचरत. कोणी लिहिलीच, तर चौबळ ती हातात घेऊन पेन्सिलीने निम्मी खोडत आणि परत देत. "आता बघा. मुद्दा दिसतो की नाही?" मुद्दा दिसायचा. लिहिणाऱ्याचं पडलेलं तोंड मात्र चौबळांना कधी दिसलं नाही.

हे वेड काही जन्माचं नव्हतं. पूर्वी त्यांचीही पत्रं चारचौघांसारखी लांबलचक असत. वर श्री, मग कृतानेक साष्टांग नमस्कार, मग 'पत्रास कारण की', मग एकदाचं ते कारण, आणि शेवटी लोभ आहेच, त्याची वृद्धी व्हावी. स्वराज्य आलं, त्यानंतर सहा-सात वर्षांनी मुंबईहून कोठारेसाहेब मॅनेजर म्हणून आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात चौबळांचं एक पत्र दोन बोटांत धरून भर ऑफिसात विचारलं, "चौबळ, या गृहस्थाला आपण बाटल्या विकतोय की मुलगी देतोय?"

सगळं ऑफिस हसलं. चौबळही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. माणूस हसण्यावारी नेतो ती गोष्ट बहुधा त्याला लागलेली असते, आणि चौबळांना ती चांगलीच लागली होती. त्या दिवसापासून त्यांनी पत्रांवर कात्री चालवली. पहिल्या ओळीत काम, दुसऱ्या ओळीत वार आणि वेळ, खाली सही. नमस्कार गेले, लोभ गेला, वृद्धी गेली. 'आम्ही सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी' हे तर त्यांनी पहिल्याच दिवशी हद्दपार केलं. खुशाली कळवून आजवर कोणाची एक तरी बाटली खपली होती का?

शेवटी श्री राहिला. तोही एक दिवस गेला, तेव्हा म्हातारे हेडक्लार्क ताम्हणे चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "चौबळ, वर श्री तरी राहू द्या हो. असं बोडकं पत्र बरं नाही दिसत."

"ताम्हणे, श्री काय बाटल्यांची ऑर्डर देणार आहे?"

पुन्हा ऑफिस हसलं, आणि या खेपेला ते ताम्हण्यांना हसलं. चौबळांना किती बरं वाटलं म्हणून सांगू! ताम्हण्यांनी चष्मा खाली ओढला आणि ते आपल्या कामाला लागले.

भट्टीवर आनंदा भोईर म्हणून एक कामगार होता. टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीच्या अंगाला त्याचं गाव. तिथे बाप भिवा आणि बायको सखुबाई. आनंदा कोलशेतला दोघातिघांबरोबर खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी जायचा. त्याला लिहिता येत नव्हतं. दर महिन्याला तो कोरं कार्ड घेऊन चौबळांसमोर उभा राहायचा, आणि चौबळ जेवणाच्या सुट्टीत त्याचं पत्र लिहून द्यायचे. माणूस आढ्यतेखोर होता, पण एवढा चांगला होता. त्या कार्डांवर ते जुन्याच रिवाजाने सगळं लिहीत, श्री, आशीर्वाद, खुशाली. घरगुती पत्र साहेबाच्या टेबलावर थोडंच जाणार होतं?

अशात कारखान्यात फंड सुरू झाला. कामगाराच्या माघारी तो कोणाला मिळावा हे लिहून ठेवायचं होतं, आणि पुढे भांडणं नकोत म्हणून कोठारेसाहेबांनी हुकूम काढला, की ज्याचा त्याचा वारस समक्ष बोलवा आणि अंगठा घ्या. बाकीच्यांची घरं ठाण्यातच किंवा कळव्यापर्यंत. त्यांनी ज्याच्या त्याच्या घरी तोंडी सांगितलं. राहिला एकटा आनंदा. नवी भट्टी पेटवली होती, त्यामुळे महिनाभर तो घरी गेला नव्हता.

"तुम्हीच घाला ना कारड, साहेब," तो म्हणाला. "सखू येईल. आमच्या बाबालाही मुंबईकडला कारखाना बघायचाय."

हे कार्ड ऑफिसचं होतं, तेव्हा चौबळांनी ते ऑफिसच्या शिस्तीत लिहिलं.

'आनंदा भिवा भोईर, भट्टी खाते. वरील इसमाच्या वारसांनी शनिवारी सकाळी दहा वाजता कारखान्याच्या फाटकावर हजर राहावे. अंगठ्यासाठी साक्षीदार आणावे. मो. ग. चौबळ.'

लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं. एक शब्द काढता येत नव्हता. ते टपालात टाकताना त्यांना अगदी समाधान वाटलं.

शनिवारी फाटकावरचा काळुराम ऑफिसात आला. "साहेब, गावाकडची माणसं आलीत. काय बोलतात ते समजत नाही. तुमच्या नावाचं कार्ड आलं म्हणतात."

चौबळांनी घड्याळ पाहिलं. दहाच्या ठोक्याला! ते खुशीत बाहेर आले. फाटकाशी एक म्हातारा आणि तीन जण उभे होते. चौघेही अनवाणी, मान खाली घालून. म्हाताऱ्याच्या काखेत कोऱ्या पांढऱ्या कापडाची घडी होती. बाई कुठे दिसेना.

"वारस म्हणजे बायको. तिला नाही आणलं?" चौबळ म्हणाले. "आणि साक्षीदार हवे होते म्हणून इतकी माणसं?"

म्हाताऱ्याने वर पाहिलं. डोळे सुजून बारीक झाले होते.

"सायब," तो म्हणाला, "खांद्याला चौघं लागतात ना."

चौबळांना कळलं नाही. ते मागच्या माणसांकडे पाहू लागले. त्यांतला एक जण पुढे झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मी सखूचा भाऊस, पंढरी. भिवंडीकडून आलो. आनंदाला न्यायला आलोत आम्ही. कारडात शनिवार लिवलेला, म्हणून थांबलो. कुठं ठेवलाय त्याला?"

"ठेवलाय म्हणजे? भट्टीवर आहे तो."

हे ऐकून म्हातारा मटकन खाली बसला. भट्टीवर आहे, याचा त्याने काय अर्थ घेतला ते त्याच्या तोंडावर उमटलं. ती कापडाची घडी कशासाठी आहे, हे त्यांना तेव्हा कळलं.

"अरे, जिवंत आहे!" ते ओरडले. "काळुराम, पळ, आनंदाला बोलाव! पळ म्हणतो ना!"

आनंदा डोक्याला ओलं फडकं गुंडाळलेला, घामाने निथळत आला आणि हसत म्हणाला, "आलात? सखू कुठंय?"

पुढे जे झालं ते चौबळांना उभ्याने बघवेना, पण पाय तिथून हलेनात. म्हाताऱ्याने पोराचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, खांदे चाचपले. पंढरीने फाटकाच्या गजाला डोकं टेकलं आणि तो हुंदके देऊन रडला. आनंदा एकेकाकडे बघत राहिला. मग भिवाचं लक्ष चौबळांकडे गेलं. तो उठला, जवळ आला. आता हा आपल्या तोंडात मारणार, असं चौबळांना वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं. पण भिवाने वाकून त्यांचे पाय धरले.

"माजा पोर दिलात सायब तुम्ही परत. आयुष्य वाढलं त्याचं." मग तो रागाने पंढरीकडे वळला. "आन तो धोंडीबा! मोठा वाचणारा! कारड वाचून बोलला, पोर गेला. त्याचे डोले फुटले काय?"

धोंडीबा म्हणजे गावात वाचता येणारा एकच माणूस. भिवा त्याला शिव्या घालत राहिला. आणि चौबळ गप्प बसले. कार्डात काय नव्हतं ते एव्हाना त्यांच्या पुरतं ध्यानात आलं होतं. मयताच्या कार्डावर श्री लिहीत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांच्या स्वतःच्या बापाच्या वेळची कार्डं त्यांनीच आपल्या हाताने बिनश्रीची लिहिली होती. आणि खाली काय? वारस! हजर राहावे! तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, धोंडीबाने बरोबर वाचलं. ते त्यांच्याच्याने म्हणवेना. मागे ऑफिसच्या दारात ताम्हणे येऊन उभे राहिले होते. नुसता कपाळावरचा चष्मा त्यांनी खाली ओढला.

आनंदा पुन्हा पुन्हा विचारत होता, "सखू कुठंय? ती का नाय आली?" "घरी हाय," एवढंच पंढरी म्हणाला, जमिनीकडे बघत.

चौबळ आत गेले तर कोठारेसाहेब खुशीत. "आली ना भोईरची माणसं? दहाला सांगितलं, दहाला हजर. याला म्हणतात पत्र, चौबळ! अंगठा झाला?"

"नाही. बाई आल्या नाहीत. घरात... जरा अडचण आहे." चौबळांनी मान वर केली नाही. "आनंदाला घरी सोडावं म्हणतो."

"अडचण काय आहे?"

दुसरी संधी होती. दार बंद होतं, ऐकायला कोणी नव्हतं.

"घरगुती," चौबळ म्हणाले.

"घरगुती अडचणींना भट्टी थांबत नाही. उद्या संध्याकाळच्या पाळीला परत पाहिजे."

असा आनंदाला एक दिवस मिळाला. खरं सांगितलं असतं तर साहेबाने आठवडा दिला असता. साहेब तुसडा होता, पण दगड नव्हता. चौबळांना हे त्या क्षणीही कळत होतं, आणि तरी ते गप्पच राहिले.

डोंबिवलीला घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, आपण फाटकावर गप्प बसलो ते सोडून सगळं. सरोजने ताट वाढून पुढे ठेवलं होतं. ती वाटीत आमटी वाढत होती, ती थांबली.

"आणि तिचं काय?" ती म्हणाली.

"कोणाचं?"

"त्याच्या बायकोचं. कार्ड मंगळवार-बुधवारी पोचलं असेल. शनिवारपर्यंत ती काय करत होती?"

सरोजच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. तिने त्या दुसऱ्या हाताने झाकल्या; मुद्दाम नव्हे, हात आपसूकच गेला. चौबळांनी ते पाहिलं आणि ताट सरकवलं. सकाळपासून त्यांनी म्हाताऱ्याचा विचार केला होता, आनंदाचा केला होता, साहेबाचा आणि ताम्हण्यांचा तर सगळ्यांत जास्त. पंढरी जमिनीकडे का बघत होता, याचा विचार त्यांच्या डोक्यात आला नव्हता.

"उद्या रविवार आहे," सरोज म्हणाली. "जाऊन या."

चौबळ गेले. टिटवाळ्याला उतरून विचारत विचारत नदीच्या बाजूने चालत गेले. खिशात त्यांनी दोन कोरी कार्डं, टाक आणि शाईची छोटी दौत घेतली होती; हे का घेतलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सवय, दुसरं काय!

भिवाच्या घरापुढे शेणाने सारवलेलं खळं होतं, तिथे माणसं जमली होती. आनंदा नवं धोतर नेसून मधोमध बसला होता आणि जो तो येऊन त्याला हात लावून जात होता. एका कडेला डोक्याला मुंडासं बांधलेला एक म्हातारा एकटा बसला होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. तो धोंडीबा असणार हे चौबळांनी न विचारता ओळखलं. दाराशी चिखलात कार्डाचे तुकडे पडले होते. अशुभ कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचलं की फाडून बाहेर टाकतात. आपलं अक्षर त्यांनी वरूनच ओळखलं. 'हजर राहावे' मधला 'हजर' तेवढा शाबूत होता.

"आले, कारखान्याचे सायब आले!" भिवाने लगबगीने घोंगडी अंथरली. "बसा सायब. बघा, तो बसलाय धोंडीबा. त्याला तुम्हीच विचारा, काय वाचलं ते."

धोंडीबाने मान आणखी खाली घातली. चौबळांनी तोंड उघडलं. गाडीत सबंध वाटभर त्यांनी वाक्य जुळवलं होतं, छोटं, मुद्द्याचं. ते काही केल्या बाहेर येईना.

"धोंडीबाला कशाला विचारता?"

आवाज दारातून आला. उंबऱ्याच्या आत एक तरुण बाई उभी होती. कपाळ मोकळं होतं. दोन्ही हात तिने पदरात गुंडाळून घेतले होते. ठमाबाई म्हणून एक म्हातारी तिला धरून होती. "आत चल, सखू," ती म्हणत होती. "कासार येऊ दे, चुडा भरू दे, मग ये मान्सांत." पण सखुबाई हलली नाही.

"धोंडीबानं बरोबर वाचलं," ती म्हणाली. "मना वाचता येत नाय. पन कारड आधी माज्या हातात आलं. अक्षर यांच्या नेहमीच्या सायबांचं. वर शिरी नव्हती. तवाच मना कललं."

भिवा चौबळांकडे पाहू लागला, आणि हळूहळू बाकीचेही. चौबळांच्या तोंडचं वाक्य त्या बाईने घेतलं होतं. आता मान हलवण्यापलीकडे त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी मान हलवली.

"इसरलात का, सायब?" सखुबाईने विचारलं.

ती खरंच विचारत होती. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माणूस विसरतो, घाईत असतो. विसरलो म्हटलं असतं तर त्या खळ्यातल्या एकूण एक माणसाने ते मान्य केलं असतं, आणि वर चहा पाजला असता. चौबळांना शरमेने वाटलं, की जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. त्यांनी धोंडीबाकडे पाहिलं.

"नाही बाई," ते म्हणाले. "विसरलो नाही. मुद्दाम गाळला."

"का वो?"

का? शिस्त म्हणून, साहेब हसला म्हणून, ताम्हण्यांचं हसं करायचं म्हणून. यातलं एकही कारण त्या दारापाशी उभ्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

"जागा वाचते," ते म्हणाले.

"किती?"

चौबळांनी खिशातलं कोरं कार्ड काढलं आणि वरच्या कडेला बोट ठेवून दाखवलं. सखुबाईने ते बोट पाहिलं. मग पदरातून हात काढला आणि तिथे जरा वेळ धरला. मनगट सुजलेलं होतं, आणि आतल्या बाजूला बांगडीच्या काचेचे ओरखडे होते. तिने तो दाखवायला काढला होता की नुसता कार्ड जवळून बघायला, हे चौबळांना कधीच कळलं नाही.

भिवा उठला. चौबळांकडे न बघता तो धोंडीबापाशी जाऊन बसला आणि त्याने आपली पान-तंबाखूची चंची त्याच्यापुढे सरकवली. आनंदा खाली मान घालून बोटाने सारवण उकरत होता. शिवी कोणी दिली नाही, जा असंही कोणी म्हणालं नाही.

"त्या कारडावर लिवा मग," सखुबाई म्हणाली. "माजी आय तुळसा भिवंडीकडं आथरुनाला हाय. तिला कललं ते कललंच. पंढरी आज जाईल, सांगंल तिला. पन ती बोलंल, पोर धीर देतो मना, खोटं सांगतो. मान्सं खोटं बोलतात, कारड नाय बोलत, असं ती मानते. हे गेले असते, पन यांना सांजच्याला भट्टीवर जायाचंय."

सांजच्याला भट्टीवर! चौबळांना काल साहेबासमोर गिळलेलं खरं आठवलं.

"आनंदा आज येणार नाही कामावर," ते म्हणाले. "उद्याही नाही. मी साहेबांना सांगतो. काय झालं ते सगळं सांगतो. आनंदा, तूही जा पंढरीबरोबर."

"जातील," सखुबाई म्हणाली. "तरी कारड लिवा."

चौबळ घोंगडीवर बसले. कार्ड मांडीवर घेतलं आणि वर, जिथे मघाशी बोट ठेवलं होतं तिथे, श्री लिहिला. नीट, वळणदार, जसा ते आनंदाच्या कार्डांवर लिहीत तसा. सखुबाई उंबरा ओलांडून बाहेर आली. ठमाबाई "अगं, अगं" करत राहिली. ती चौबळांच्या बाजूला येऊन वाकली.

"नाय," ती म्हणाली. "बारीक झाली. तिच्या डोल्यांना दिसत नाय. तिला वाचताही येत नाय, ती शिरीच बघंल. मोठी काढा."

चौबळांनी ते कार्ड बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. टाक पुन्हा पुन्हा बुडवून, लहान पोर पाटीवर गिरवतं तसा त्यांनी श्री काढला. तो निम्म्याहून जास्त कार्डावर पसरला. खाली एकाच ओळीपुरती जागा उरली होती. काय लिहायचं, याचा त्यांना विचार करावा लागला नाही. जे त्यांनी ऑफिसच्या पत्रांतून सगळ्यात आधी काढून टाकलं होतं, तेच लिहायचं होतं. 'आनंदा खुशाल आहे.'

"वाचून दाखवू?" त्यांनी विचारलं.

"नको," सखुबाई म्हणाली. तिने हात पुन्हा पदरात गुंडाळले, आणि पदरानेच ते कार्ड धरून दूर करून पाहिलं, जितका हात लांब जाईल तितकं दूर. "दिसते," ती म्हणाली.